मदत हवी आहे: जपानी युद्धकैदी चौकशीत बोलत असत का?

कोरा_कागद: दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या माझ्या कथेतला जखमी जपानी शिपाई पकडला जातो आणि चौकशीत नाव, हुद्दा व क्रमांक यांपलीकडे एक अक्षरही बोलत नाही. ‘हा प्रसंग पटत नाही,’ एवढाच शेरा मारून संपादकांनी कथा परत केली. परवापर्यंत द्यायची आहे, तेव्हा काय चुकले ते कृपया लगेच सांगावे.

जुनी_वही: आघाडी कोणती, साल कोणते आणि चौकशी करणारा कोणत्या सैन्यातला?

टेकडीवरून: आघाडी कोणतीही असो, संपादकांचे बरोबर आहे. जानेवारी 1941 च्या ‘सेंजिनकुन’ या सैनिकी आचारसंहितेने कैदी होणे हीच नामुष्की ठरवली होती. त्यामुळे पकडले गेल्यावर काय बोलू नये, हे शिपायाला कोणी शिकवलेच नाही. अमेरिकी मरीन दलाचे शेरवुड मोरान पूर्वी जपानमध्ये मिशनरी होते. 1943 च्या टिपणात त्यांनी दुभाष्यांना हेच बजावले की, आधी जखमेची आणि खाण्यापिण्याची आस्थेने चौकशी करावी, लष्करी प्रश्न मागाहून.

काळा_कातळ: मोरानांचे कौतुक पुरे. कैद्यांपेक्षा कागद अधिक बोलके होते. मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला, जिथे मराठा पलटणही लढली, मृत जपानी अधिकाऱ्याजवळच्या नकाशावरून कोहिमावरच्या चढाईचा बेत उघड झाला. कथेतून कैदीच काढून टाका.

टेकडीवरून: नकाशा वाचायलाही जपानी जाणणारा माणूसच लागतो.

नियमावली: युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयीच्या 1929 च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला मान्यता दिली नव्हती.

जुनी_वही: हे कोणी विचारले होते?

कोरा_कागद: सांगायचे राहिले. कथा इम्फाळची, 1944 ची आहे. चौकशी करणारा इंग्रज कॅप्टन आहे आणि त्याला जपानी येत नाही.

जुनी_वही: हे आधी सांगायला हवे होते! मग दुभाषी आणावाच लागेल. सविस्तर चौकशी दाखवायची असेल, तर कैद्याला दिल्लीच्या लाल किल्ल्यात पाठवा. तिथे त्यासाठी खास केंद्र होते. आणि मुख्य चूक निराळीच आहे. आपण जिवंत पकडलो गेलो हे घरी कळू नये म्हणून अनेक कैदी खोटे नाव सांगत, पण आपल्या तुकडीची माहिती मात्र देत. तुमचा शिपाई नेमके उलटे करतो.

कोरा_कागद: म्हणजे त्याने खरे सांगितलेली एकमेव गोष्टच खोटी हवी होती. हे बदलतो. पण दुभाष्यावाचून भागेल का? शब्दमर्यादा आधीच ओलांडली आहे.