फरशी, कोबा, कार्पेट : कोकणात घराची जमीन दुरुस्त करून घेतानाचे तुमचे अनुभव

ओसरी

परवा रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात खाडकन आवाज झाला. मांजराने डबा पाडला असेल म्हणून उठून गेले, तर ओट्यासमोरच्या दोन फरश्या एकमेकींना टेकून कौलारू छपरासारख्या उभ्या! खालचं सिमेंट जागच्या जागी. उचललेल्या फरशीची पाठ कोरी करकरीत, मालाचा एक कण चिकटलेला नाही. मी तिथेच खाली बसले आणि एकदम बाबा आठवले.

२००७ सालची गोष्ट. देवगडजवळचं आमचं चिऱ्याचं घर. माजघरात आणि ओटीवर आजोबांनी घातलेला लाल कोबा, इतका गुळगुळीत की दुपारी त्यावर नुसतं आडवं झालं तरी झोप यायची. ताईचं लग्न ठरलं आणि बाबांनी फरशी घालायचं मनावर घेतलं. तालुक्याहून एक कंत्राटदार आला, उंबऱ्यावरूनच आत बघितलं, स्क्वेअर फुटाचा भाव सांगितला, अर्धे पैसे आगाऊ घेतले. चार दिवसांत कोब्यावरच फरशी बसवून मोकळा. लग्न छान झालं. जुलैत सांध्यांतून पिठासारखी पांढरी पूड वर यायला लागली. आई रोज पुसायची, सकाळी पुन्हा तेच. श्रावणापर्यंत फरश्या पायाखाली डुगडुगायला लागल्या. कंत्राटदार फोन उचलेना.

मग वाडीतले गवंडीकाका आले. चहासुद्धा नंतर म्हणाले. गुडघ्यावर बसले आणि थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकत निघाले, माजघरातून ओटीपर्यंत, कान खाली करून. पोकळ वाजेल तिथे खडूची फुली. अर्ध्याहून जास्त फरश्यांवर फुल्या पडल्या. उठले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, हयसर खालसून पाणी चढता. आता पावसात मी हात लावूचंय नाय. दिवाळी झाल्यार बगूया." चतुर्थी तोंडावर आलेली, मुंबईहून पंधरा माणसं येणार. बाबांनी किती विनवलं! काका हलले नाहीत. त्या वर्षी आमचा गणपती फुल्या मारलेल्या फरशीवर बसला.

दिवाळीनंतर काकांनी आधी घराला हातच लावला नाही. परड्यातलं पाणी मागच्या जोत्याला लागत होतं, ते चर खणून वळवलं. मग फरशी काढली, कोबा फोडला, खाली खडी घालून चोपली, जाड प्लास्टिक अंथरलं, वर काँक्रीट, मग फरशी. काम रोजावर केलं, उक्तं घेतलंच नाही. "उक्त्यात घाई व्हता," म्हणाले. ती फरशी अजून ठणठणीत आहे. कोबा गेला त्याचं मात्र मला आजही वाईट वाटतं.

फरशीचा रंग निवडायला आपण आठवडे घालवतो आणि ती बसवणारा माणूस एका फोनवर ठरवतो. तुम्ही कसा निवडलात, काय सोसलंत, लिहा ना. चांगले अनुभवही लिहा.

खाजणकाठ

ती पांढरी पूड म्हणजे क्षार. आमच्याकडे चिऱ्यातूनही आले आणि वाळूतूनही. खाडीची वाळू न धुता वापरलेली. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, मग फरशी कोरडी व्हायचं नावच नाही. दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हाच्या मिस्त्रींनी ट्रक रिकामा व्हायच्या आधी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली, थुंकली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "परत ने." तो वाद घालत होता, हे ऐकेनात. ट्रक परत गेला. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना आजही मानतो.

तिरफळ

सावंतवाडीजवळ कोणी आहे का फरशीवाला? दोन खोल्या आहेत. चतुर्थीच्या आधी हवंय.

माडाचीबाग

ओसरी, मांजर ठीक आहे ना?

ओसरी

ठीक आहे, कपाटावर जाऊन बसली होती, सकाळी दुधाला उतरली. 😊
तिरफळ, पाऊस आहे गं. चतुर्थीची घाई नको करूस, वर काय लिहिलंय ते वाच.

दातेरीथापी

मी टाइल्सच्या दुकानात आहे, अकरा वर्षं. ओसरीताई, तुमच्या फरश्या व्हिट्रिफाइड असणार. त्या पाणी जवळजवळ पीतच नाहीत, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जुन्या सिरॅमिक टाइल्स पाण्यात भिजवून सिमेंटवर बसवायचे, त्या सिमेंट धरायच्या. व्हिट्रिफाइडला नुसता सिमेंटचा घोळ धरत नाही, म्हणून पाठ कोरी निघते. तिला अ‍ॅडहेसिव्ह लागतं, दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरलेलं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून बसवली की मध्ये पोकळ राहणारच.

दुसरं, फरशीला फरशी चिकटवू नका. दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर ठेवा, भिंतीलगतही थोडी फट ठेवा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावतात त्या पट्टीखाली, झाकली जाते. ऊन-थंडीने फरशी किंचित वाढते-आटते, जागा मिळाली नाही तर वर उठते. गिऱ्हाईक म्हणतं सांधा दिसायला नको. मी रोज समजावते, रोज.

गिऱ्हाईक आलं, बाकी नंतर.

सुरंगीचा_वळेसर

कार्पेटचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. रत्नागिरीत ह्यांच्या दवाखान्यात लहान मुलं येतात म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घातलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात कुबट वास. धूप घातला, कापूर ठेवला, पंखे रात्रभर चालू. दाराजवळ तर काळी बुरशी धरली.

ज्याने घातलं तो येईना. मग गाद्यांचं काम करणारे एक चाचा आले. त्यांनी कोपऱ्यातून कार्पेट हळूच उचललं. कडेला लाकडाची बारीक पट्टी असते, तिच्यावरच्या तिरप्या खिळ्यांत कार्पेट अडकवतात. पट्टी हातात आली ती भुसा होऊन. खिळे गंजलेले, आणि त्या गंजाची तांबडी ठिपक्यांची रांग कार्पेटच्या कडेला, जणू कोणी धावदोरा घातलाय. खालचा फोम पिळला तर पाणी निघालं.

त्यांनी कपाटाखालचा न वापरलेला तुकडा कापला आणि दाराजवळच्या कुजलेल्या जागी बसवला. बसवायच्या आधी दोन्हीकडच्या लवेवरून तळहात फिरवून बघत होते, एकाच बाजूला झुकायला हवी म्हणे, नाहीतर ठिगळ दिसतं. खरंच शोधूनही सापडत नव्हतं. आणि काम संपल्यावर स्वतःच म्हणाले, "डॉक्टरसाब, पुढच्या पावसाआधी हे सगळं काढा. इथल्या हवेत उन्हात टाकता येईल तेवढंच अंथरायचं." पुढची कमाई घालवणारा सल्ला होता हा त्यांच्यासाठी. आम्ही ऐकलं. आता मोझॅकवर चटया आणि दोन सतरंज्या, ऊन पडलं की गच्चीवर.

माडाचीबाग

सुरंगी, दवाखाना मारुती मंदिराकडे का? आम्ही तिथेच राहतो.

सुरंगीचा_वळेसर

हो जवळच! व्यक्तिगत निरोप पाठवते.

वाशिष्ठीकाठी

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. चिपळूणचा महापूर, २२ जुलै २०२१. आमच्या घरात माळ्याच्या खाली वीतभर अंतर ठेवून पाणी थांबलं. ओसरल्यावर घरभर घोटाभर चिखल. हॉलमधलं कार्पेट चौघांना उचलेना, शेवटी सुरीने पट्ट्या कापून बाहेर काढलं. बेडरूममध्ये मुलांसाठी व्हिनाइल चिकटवलेलं होतं, वरून धुतलं, स्वच्छ झालं असं वाटलं. पंधरा दिवसांनी वास सुटला. उचललं तर खाली गाळाचा थर तसाच ओला, हिरवट.

मोझॅक मात्र वाचलं. वडिलांनी घर बांधलं तेव्हाचं. भाव सांगणारे किती आले तेव्हा, आणि कसले भाव! माणूस अडलेला दिसला की काही जणांची जीभ कशी वळते ते तेव्हा बघितलं. पण राजस्थानी पॉलिशवाल्यांची एक तीन जणांची टोळी आली, मोठा भाऊ म्हणाला, आधी वाळू दे. सहा आठवडे नुसते पंखे लावायला सांगितलं. मग मशीन आणलं, खरखरीत दगडापासून बारीक दगडापर्यंत एकेक हात. राखाडी पाणी वाहत होतं आणि खालून आईच्या वेळचे हिरवे-पिवळे ठिपके उघडे पडत होते. आई खुर्चीत बसून बघत होती. पैसे त्यांनी दिवाळीनंतर घेतले, दोन हप्त्यांत. आम्ही मागितलंही नव्हतं.

ओसरी

वाशिष्ठीकाठी, काय लिहू. आईंना नमस्कार सांगा.

पोफळी

🙏 आम्ही त्या वेळी गुहागरहून भाकऱ्या करून पाठवल्या होत्या. ते दिवस नकोच.

डोंबिवली_ते_राजापूर

चाकरमान्याचा अनुभव. गावच्या न्हाणीघराची फरशी उखडली होती. मी इथे, काम तिथे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बघायचो. सरळ सांधे, चकचकीत, मी खूश, शेवटचे पैसेही पाठवले. मे महिन्यात गेलो आणि पहिल्या आंघोळीला पाणी मोरीकडे न जाता दाराकडे आलं! मोबाईलवर ढाळ दिसत नाही हो.

पुढच्या वेळी काकीला सांगितलं, पैसे द्यायच्या आधी चार कोपऱ्यांत चार तांबे पाणी ओत आणि मला फोन कर. काकीने तांबे तर ओतलेच, वर नातवाची गोटीही सोडून बघितली. एका कोपऱ्यात अडली. मिस्त्रींनी कुरकुर न करता त्या चार फरश्या काढून परत बसवल्या. तेव्हापासून शेवटचा हप्ता काकीच्या हाती.

पोफळी

काकी 👌👌

चुलीवरचीभाकरी

फरशीचं माहीत नाही, आमच्याकडे अजून खळं शेणाने सारवतात. आधी पाणी मारून चोपण्याने चोपायचं, मग शेणात कोळशाची पूड कालवून सारवण. काळंभोर चमकतं. पण चोपायला आता माणूस मिळत नाही. पूर्वी वाडीतल्या बायका मिळून करायच्या, आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, पैसे कुठले! आता चाळीशीच्या खालचं कोणी चोपणं हातात धरत नाही. मुलगा म्हणतो पेव्हर ब्लॉक घालूया. मन होत नाही. भात वाळत घालायला कुठे जायचं मग?

खाजणकाठ

नका घालू. आमच्याकडे घातले, दुपारी पाय भाजतात आणि फटींतून गवत येतं ते वेगळंच.

किंजळ

माडीची जमीन फळ्यांची आहे, किंजळाच्या. दोन फळ्या न्हाणीच्या बाजूला कुजल्या. फरशीवाला म्हणाला वर प्लाय टाकून व्हिनाइल घालतो, एका दिवसात. घातलं. वर्षभरात प्लायला वाळवी, तिथून तुळईला. मग गावचे मेस्त्री आले, ऐंशीच्या घरातले. त्यांनी फळीला सुरीचं टोक लावलं, जिथे शिरलं तेवढाच भाग कापला, जुन्या गोठ्याच्या लाकडातून तुकडा काढून सांधला. म्हणाले लाकडाला श्वास हवा, वर काही चिकटवायचं नाही. न्हाणीचा गळता पाइप आधी दुरुस्त करायला लावला.

श्रीवर्धनकर

निसर्ग वादळात, ३ जून २०२०, पत्रे गेले आणि कोब्यावर चार दिवस पाऊस. त्यात लॉकडाऊन, बाहेरून गवंडी येणार कुठून. शेजारच्या मुलाने, जो एरवी होडीवर जातो, तडे भरून दिले. सुबक नाही. पण अजून टिकलंय आणि मी ते बदलणार नाही.

तिरफळ

बरं, वाचलं सगळं. चतुर्थीची घाई सोडली. पण मजुरी कशी ठरवायची? स्क्वेअर फुटावर की रोजावर?

दातेरीथापी

नवीन सरळ खोली असेल तर स्क्वेअर फूट. दुरुस्ती असेल तर रोज, कारण उघडल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच कळत नाही. स्क्वेअर फुटात स्कर्टिंग धरलंय का, जुनी फरशी काढून राबिट (तोडफोडीचा कचरा) टाकणं कोणाकडे, ग्राउटिंग म्हणजे सांधे भरणं कोणाकडे, हे आधी कागदावर. आणि दोन बॉक्स जास्तीचे घेऊन पोटमाळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी एक फरशी फुटली तर तो रंग बाजारात मिळत नाही, माझ्याकडे लोक तुकडा घेऊन रडवेले येतात.
अ‍ॅसिडने धुवून देतो म्हणाला तर मोझॅक, कोटा, शहाबादीला नाही म्हणा. दगड खातं ते.

ओसरी

किती लिहिलंत सगळ्यांनी! आज इथे कुडाळला एक मिस्त्री येऊन गेले. तरुण आहे मुलगा. भाव विचारला तर म्हणाला, ताई, आधी बघू दे. आणि बसला की खाली, थापीच्या मुठीने ठोकायला! मला भरून आलं. विचारलं कुठे शिकलास, तर म्हणाला आजाकडे. मग उघड्या जागेवर हातभर प्लास्टिक ठेवून चारी बाजूंनी टेप मारून गेला. दोन दिवस उचलू नका म्हणाला.

माडाचीबाग

मग? काय निघालं?

ओसरी

आत्ता उचललं. आतून सगळं घामेजलंय. फोन केला त्याला, हसला आणि म्हणाला, "ताई, दिवाळी झाल्यार."

पोफळी

तोवर ओट्यासमोर काय घालणार?

ओसरी

गोणपाट. मांजर आधीच त्यावर झोपली आहे.