जुनी आरडी ३५०: काय बदललंत, काय फसलं? (अनुभव धागा)

मामाची १९८७ची मोटरसायकल, राजदूत यामाहा आरडी ३५०, माझ्याकडे आली आहे. लो टॉर्क मॉडेल. बरीच वर्षं गोठ्यात कडब्याखाली होती, गेल्या महिन्यात चालू झाली. त्या संध्याकाळपासून डोक्यात एकच किडा: अजून थोडी पळाली तर?

हिशेब सगळ्यांना माहीत असेल. जपानची मूळ आरडी ३९ बीएचपीची, म्हणजे ३९ घोड्यांच्या ताकदीची. फरिदाबादला एस्कॉर्ट्सने बनवली तेव्हा हाय टॉर्क ३०.५ आणि नंतरची लो टॉर्क २७. तेच ३४७ सीसी, ६४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), दोन सिलिंडर. म्हणजे माझ्या गाडीचे १२ घोडे मायलेजच्या नावाखाली खुंटीला बांधून ठेवलेत. मायलेज तरी कुठं मिळालं म्हणा!

ते घोडे सोडवायला गेलेल्यांनी लिहा. आकडे कुठंही वाचायला मिळतात, तुमच्या खिशातून काय गेलं ते सांगा.

पुणे, हाय टॉर्क

मी सगळ्यांसारखीच चेंबरपासून, म्हणजे टू-स्ट्रोकच्या खास सायलेन्सरपासून, सुरुवात केली. हाताने वळून, वेल्डिंग करून घेतलेली जोडी. साध्या सायलेन्सरचं काम आवाज मारायचं. चेंबरचं पोट पुढं फुगतं आणि मागं निमुळतं होतं, त्या आकारालाच किंमत आहे. पुढचा भाग जळका गॅस ओढून काढतो. मागच्या निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते आणि पोर्टमधून (सिलिंडरच्या गॅस बाहेर जायच्या भोकातून) निसटलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिक्श्चर सिलिंडरमध्ये ढकलते. पण ही लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर पोचते. माझ्या गाडीत साडेपाच हजारांच्या खाली सगळा शुकशुकाट, आणि वर गेलं की कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी सुटायची. लक्ष्मी रोडवर अशी गाडी म्हणजे शिक्षा.

चूक अशी झाली की कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) तेच ठेवले. इंजीन जास्त हवा ओढायला लागलं, पेट्रोल मात्र जुन्याच मापाने. चार दिवस मजा केली. पाचव्या दिवशी खंबाटकी चढून सुरूरच्या पुढे सरळ रस्ता लागला, मूठ पूर्ण पिळली, आणि मागचं चाक लॉक. डावीकडची दोन बोटं सवयीने क्लचवर होती म्हणून आज लिहितोय.

उघडल्यावर खरी गंमत कळली. दोन्ही प्लग पांढरे होते (हवा जास्त, पेट्रोल कमी झाल्याची खूण), पण डावा पार खडूसारखा, आणि चिकटलेलं पिस्टनही डावंच. क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं) डावं ऑइल सील वाळून कडक झालं होतं. टू-स्ट्रोकमध्ये मिक्श्चर क्रँककेसमधून (क्रँकच्या बंद पेटीतून) जातं, त्यामुळे सील गळलं की फुकटची हवा आत शिरते. उजवं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून पांढरा धूर तरी दिसतो. डावं काहीच सांगत नाही. नाही म्हणायला एक खूण होती: मूठ सोडल्यावरही आरपीएम दोन सेकंद वर रेंगाळायचे. मला वाटायचं चेंबरचा पिकअप!

चेंबर आजही आहेत. मेन जेट मोठे केले, सील नवी टाकली. पण पैसे आधी क्रँकवर घातले असते तर पिस्टन वाचलं असतं.

कोल्हापूर

आमचं घरच उद्यमनगरातलं, वडील लेथवर. त्यामुळं आरडीची सिलिंडरं आमच्याकडं पोतं भरून बघितल्यात. भावा, पोर्टिंगच्या (सिलिंडरची भोकं घासून मोठी करायच्या) नादाला सावकाश लाग. एक्झॉस्ट पोर्ट वर घासला की वरचा दम वाढतोय, पण घासलेलं परत चिकटवता येत नाही. ग्राइंडर हातात आला की माणसाला थांबायचं भान राहत नाही. अर्धा मिमी म्हणून बसतंय नि दीड करून उठतंय.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो, पिस्टनचा गाळा, म्हणजे पिस्टन नि सिलिंडरमधली फट. ओरिजिनल पिस्टन दीड थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मस्त चालायचं. आता बाजारात मिळतंय ते लोकल, ते तापलं की जास्त फुगतंय. त्याला दीडवर बसवलं की अडकलंच. वडील दोनच्या वर ठेवतात आणि थंड असताना थोडं वाजतंय म्हणून गिऱ्हाईक भांडतंय. वाजू दे की! बोअर एकदम शेवटच्या ओव्हरसाइजला (सगळ्यात मोठ्या मापाला) नेऊ नको, पाव-पाव मिमीनं जा. ओरिजिनल सिलिंडर आता परत बनत नाहीत.

नाशिक

एका शब्दात: ब्रेक. जपानी आरडीला पुढे डिस्क होती, आपल्याला ड्रम दिला. २७ घोड्यांनाच तो कमी पडतो, तुम्ही अजून १० सोडायला निघालात. मी दुसऱ्या गाडीचा फोर्क आणि डिस्क बसवली, गाडी आता थांबते. मात्र पुन्हा पासिंगला गेलो तेव्हा साहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं, मूळ रचनेत बदल चालणार नाही म्हणून. जुना फोर्क, जुना हब (चाकाचा मधला, ड्रमचा भाग) लावून पुन्हा नेली. म्हणून सांगतो, काढलेला एकही पार्ट भंगारात देऊ नका. आणि ‘व्हिंटेज आहे’ असं तिथं म्हणू नका, त्याला ५० वर्षं लागतात. १९८७ची गाडी २०३७ला बसेल.

डोंबिवली, बाबांची हाय टॉर्क

माझा बदल बाहेरून दिसतच नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये कौतुक शून्य. पॉइंट (ठिणगी पाडणारे जुने स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं.

आरडीला दोन सिलिंडरांचे दोन वेगळे पॉइंट. बाबा दर दोन महिन्यांनी रविवारी प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टन कुठं आहे ते मोजायचं घड्याळ) लावून बसायचे: पिस्टन वर पोचायच्या २ मिमी आधी ठिणगी पडली पाहिजे, डावी जुळवली की उजवी बिघडायची. मी टॉर्च धरायचे आणि हात हलला की बोलणी खायचे. पॉइंट झिजतात तसं ठिणगीचं टायमिंग सरकतं, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं, आणि गाडी लंगडत चालते. अर्धे लोक याला कार्बोरेटरचा दोष समजून जेट बदलत बसतात.

आता एकदा जुळवलं की विसरून जायचं. घोडे वाढले का? बहुतेक नाही. पण होते ते सगळे हजर झाले. बाबांना विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाले, “रविवारी काय करू?”

सावंतवाडी

मी शहाणपणा करून ऑटोल्यूबचा (इंजिनात आपोआप ऑइल सोडणारा) पंप काढला होता. जुना पंप दगा देतो असं सगळे सांगत होते, म्हणून टाकीतच लिटरला ४० मिली टू-टी ऑइल मिसळायला लागलो. सपाटीवर झकास. आंबोलीहून खाली येताना मूठ बंद, गाडी दुसऱ्या गिअरवर इंजिनाने रोखलेली, आरपीएम वर चढलेले. मूठ बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे त्यातलं ऑइलही नाही! धबधब्याच्या खालच्या वळणांवर गाडी घुटमळायला लागली. थांबलो, थंड केली, हळूहळू घरी आणली. पिस्टनवर उभे ओरखडे.

पंप इंजिनाच्या वेगावर फिरतो, मूठ बंद असली तरी थेंब सोडतच राहतो. तो परत बसवला. केबलची खूण मात्र मुठीशी नीट जुळवायला हवी. प्रीमिक्सच (टाकीत ऑइल मिसळणंच) ठेवायचं असेल तर उतारावर मधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी पिळत चला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. चेंबरसाठी बाजूला ठेवलेले पैसे सीलमध्ये आणि क्रँकमध्ये चाललेत, बायकोला अजून सांगितलेलं नाही. काल सील मागवली. मूठ सोडून बघितली, माझेही आरपीएम रेंगाळतात.

रीडबद्दल (मिक्श्चर इंजिनात घेणाऱ्या झडपेबद्दल) कुणी लिहिलं नाही म्हणून सहज तीही उघडली. मूळच्या स्टीलच्या पाकळ्या आहेत. डावीकडच्या एकीला कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसतेय. तुटली तर तुकडा सरळ इंजिनात जाणार. फायबरच्या टाकायच्या म्हणतोय. ज्यांनी टाकल्यात त्यांनी सांगा, खालचा पिकअप खरंच सुधारतो का? आणि नाशिककर, तुमचा जुना ड्रम अजून आहे ना? माझ्या हबला तडा आहे.