वाहतूक कोंडीच्या भागातले अग्निशमन केंद्र बंद करून शेजारच्या केंद्रात विलीन करावे का?

आडवाट

चार छोटी केंद्रे चालवणे परवडत नाही, म्हणून एक बंद करायचे आणि समर्थनाला एकच वाक्य द्यायचे: "सरासरी प्रतिसादवेळ जेमतेम मिनिटभर वाढेल." ज्या भागात वाहने वाढतच चालली आहेत, तिथे हा निर्णय चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे.

आधी त्या सरासरीचे बघू. दहा वर्द्यांपैकी (मदतीसाठी आलेल्या सूचनांपैकी) आठ ठिकाणी बंब ५ मिनिटांत पोचला आणि दोन ठिकाणी १५ मिनिटांत, तर सरासरी ७ येते. हा ७ कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो, आणि केंद्र बंद झाले की वाढतात ते शेवटचे दोन. म्हणूनच अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे एनएफपीए १७१० हे मानक सरासरी विचारत नाही. बंब निघाल्यापासून २४० सेकंदांत पहिला बंब पोचला पाहिजे, आणि ९० टक्के वेळा पोचला पाहिजे, असे ते सांगते.

आता अंतर. १९७०च्या दशकात न्यू यॉर्कच्या अग्निशमन दलासाठी झालेल्या अभ्यासातून एक ढोबळ नियम मिळाला: बंबाला कापावे लागणारे सरासरी अंतर हे त्या भागात मोकळ्या असलेल्या बंबांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. चाराची तीन केंद्रे केली की अंतर सुमारे १५ टक्के वाढते. त्यावर कोंडी चढवा. गर्दीवरून प्रवासवेळ काढायच्या, वाहतूक नियोजनातल्या नेहमीच्या बीपीआर सूत्रानुसार रस्त्यावरची मागणी क्षमतेच्या दीडपट झाली की प्रवासवेळ रिकाम्या रस्त्याच्या पावणेदोन पट होतो. या दोन वाढींचा गुणाकार होतो: १.१५ गुणिले १.७६, म्हणजे दुप्पट. सायरनमुळे थोडी सूट मिळते हे मान्य, पण दोन्ही बाजूंना दुभाजक आणि पुढे ठप्प रांग असेल तर ती सूटही उरत नाही. आधुनिक फर्निचर भरलेल्या खोलीत ३ ते ५ मिनिटांत सगळीकडे भडका उडू शकतो, हे लक्षात घेऊन या आकड्यांकडे बघावे.

हिशेबनीस

असहमत. बंब किती लवकर पोचला एवढेच तुम्ही मोजताय. त्यातून किती जण उतरले ते मोजत नाही.

आठवड्यात १६८ तास असतात. ४८ तासांची ड्युटी धरली तरी एक जागा चोवीस तास भरायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की साडेचार ते पाच. चार जणांच्या एका बंबामागे १८ ते २० जवान. तेवढे नसतात, म्हणून प्रत्यक्षात दोन केंद्रांतून दोन-तीन जण घेऊन बंब निघतात. श्वसनयंत्र लावून दोघे आत गेले तर तयार अवस्थेत दोघे बाहेर थांबलेच पाहिजेत, हा सुरक्षेचा मूलभूत नियम आहे. तिघांचा बंब चौथ्या मिनिटाला पोचून बाहेरून पाणी मारत बसतो आणि आत अडकलेल्या माणसासाठी दुसऱ्या बंबाची वाट बघतो. त्यापेक्षा सहाव्या मिनिटाला पूर्ण पथक आलेले बरे.

आडवाट

मुद्दा बिनतोड आहे, पण तो दोन्ही केंद्रांतले सगळे जवान कायम राहिले तरच. विलीनीकरणातली खरी बचत त्या १८-२० पगारांत असते. इमारतीच्या वीजबिलात काय वाचणार? प्रस्तावात मंजूर पदांची संख्या आधी आणि नंतर किती, तेवढी एक ओळ वाचली की कळते.

हिरवा दिवा

कोंडीचे उत्तर केंद्रांच्या संख्येत शोधू नये, रस्त्यावर शोधावे. बंबात जीपीएस आणि रेडिओ बसवून पुढचे सिग्नल हिरवे करून घेता येतात. मात्र हे बहुतेक ठिकाणी चुकीचे बसवतात. चौकात १५ वाहनांची रांग असेल तर हिरवा लागल्यावर प्रत्येकाला सुमारे २ सेकंद, म्हणजे रांग संपायला ३० सेकंद. त्याआधी रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची वेळ तोडता येत नाही, ते धरा १० सेकंद. म्हणजे मागणी ४० सेकंद आधी गेली पाहिजे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ते ४०० मीटर होतात. दीडशे मीटरवर दिवा बदलणारी यंत्रणा बंबाला रांगेच्या शेपटाशी आणून उभी करते, आणि मग "सिग्नल बदलूनही उपयोग नाही" असा अहवाल जातो.

आडवाट

आणि पुढचाच चौक तुंबलेला असेल तर? हिरवा मिळूनही रांगेला सरकायला जागा नसते.

हिरवा दिवा

तेव्हा चौकाचा मधला चौकोन मोकळा ठेवायची सक्ती आणि अलीकडच्या चौकातच वाहने रोखणे, हे दोनच उपाय. शिवाय गल्लीच्या तोंडाचे पार्किंग. बंबाची रुंदी अडीच मीटर असली तरी आरसे, वळण आणि दार उघडायची जागा धरून साडेतीन मीटर मोकळे लागते. शिडीच्या बंबाचे पाय पसरायला त्याहून कितीतरी जास्त.

रातवा

सगळे पहिल्या गाडीबद्दल बोलत आहेत. कपात बोचते ती दुसऱ्या गाडीला. रुग्णवाहिकांचे उदाहरण घ्या: प्रत्येक रुग्णवाहिका २० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर जवळच्या दोन्ही एकाच वेळी गुंतलेल्या असण्याची शक्यता ढोबळमानाने ४ टक्के. गाड्या कमी केल्या, कोंडीमुळे प्रत्येक फेरी लांबली, रुग्णालयात रुग्ण ताब्यात द्यायला वेळ लागला आणि गुंतलेला वेळ ४० टक्के झाला की हीच शक्यता १६ टक्क्यांवर जाते. कुठे किती वेळात गाडी पोचेल हे दाखवणारा व्याप्तीचा नकाशा मात्र सगळ्या गाड्या केंद्रात उभ्या आहेत असे धरून काढलेला असतो.

हिशेबनीस

हृदय बंद पडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता छातीवर दाब आणि शॉक न मिळाल्यास दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. इतक्या लवकर पोचायला केंद्र तीन असोत की चार, पुरत नाही. तिथे शेजारी उभा असलेला माणूस आणि भिंतीवरचे शॉक यंत्रच उपयोगी. तो पैसा तिकडे लावा. आणि गर्दीच्या तासांपुरती एक गाडी जुन्या जागेजवळ उभी ठेवता येते.

रातवा

शॉक यंत्रे हवीतच, पण रक्तस्राव, प्रसूती आणि धुरात कोंडलेला माणूस यांना ती पुरत नाहीत. उभ्या गाडीबद्दल सहमत, अटींसह: कर्मचाऱ्यांना स्वच्छतागृह, गाडीतली उपकरणे चार्ज करायला वीजजोडणी, औषधांच्या पेटीला सावली. हे नसेल तर दुसऱ्या आठवड्यापासून गाडी हळूच केंद्रात परत जाऊन उभी राहते.

माझी सूचना: बंद करण्याआधी चार आठवडे त्या केंद्राचा बंब जागेवरच ठेवा आणि खरा बंब नेहमीसारखाच पाठवा, पण प्रत्येक वर्दीला शेजारच्या केंद्रातूनही एक गाडी सोडा आणि तिची वेळ नोंदवा. ते चार आठवडे शाळा चालू असतानाचे घ्या. सुट्टीत रस्ते मोकळे असतात.

हिशेबनीस

चाचणी मान्य. फक्त ९० टक्के वेळा गाडी किती मिनिटांत पोचते तो आकडा सकाळ, संध्याकाळ आणि रात्र असा वेगवेगळा काढा. रात्रीचा फरक नगण्य निघाला तर त्या पाळीपुरते विलीनीकरण मी मागणारच.