पदवीनंतर स्वतःचा धंदा: प्रश्नावलीत काय सुटतंय?

खानापूरकर:
एम.कॉम.चा प्रकल्प आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं पदवीनंतर स्वयंरोजगाराकडे का वळतात, हा विषय. शेवटच्या वर्षाच्या 120 मुलांना 30 प्रश्न द्यायचेत. कारणं तीनच धरलीत: घरचा धंदा, भांडवल, नोकरी न मिळणं. अजून काय घ्यावं?

शहापूर पेठ:
कारणांच्या आधी माणसं बदला. शेवटच्या वर्षाची मुलं तुम्हाला फक्त इरादा सांगतील. मानसशास्त्रज्ञ आयझेन यांच्या 1991 च्या मांडणीत इरादा तीन गोष्टींतून घडतो: स्वतःचा कल, जवळच्या माणसांची पसंती आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास. इरादा मोजायला ही चौकट चांगली. पण इरादा म्हणजे गाळा घेऊन शटर उघडणं नव्हे. म्हणून 60 चालू विद्यार्थी घ्या आणि 60 जण पदवीला तीन ते पाच वर्षं झालेले. या दुसऱ्या साठांत धंदेवाले, नोकरदार आणि धंदा सुरू करून बंद केलेले असे तिन्ही हवेत. फक्त उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फिरलात तर टिकलेलेच भेटतील, आणि टिकलेल्यांचे गुण हेच कारण वाटायला लागेल. बंद केलेल्यांची नावं माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून काढा. कष्टाचं काम आहे, पण प्रकल्पाचा जीव तिथेच आहे.

‘घरच्यांचा पाठिंबा आहे का?’ हा प्रश्न काढाच. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: पहिली दोन वर्षं घरात पगार आला नाही तर चालेल का? कर्जाला वडील जामीन राहतील का? वडिलांचं दुकान पुढे चालवणारा आणि नवा धंदा काढणारा यांनाही एका रकान्यात टाकू नका.

आवडीने आलेला कोण आणि नाइलाजाने आलेला कोण, हे एका प्रश्नात कळतं: ‘आज 20 हजारांची कायम नोकरी मिळाली तर धंदा सोडाल का?’ इथे भाषेचाही प्रश्न ठेवा. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत कन्नडचा सक्तीचा पेपर असतो. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा त्या वाटेवरून कधी वळला, हे वर्षासकट विचारा.

उद्यमबाग:
‘भांडवल’ हा शब्दही फोडा. यंत्राला कर्ज मिळतं, अडतं ते खेळत्या भांडवलात. कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करून दिलं की बिल दोन-तीन महिने थांबतं, पण वीजबिल आणि कामगारांचा पगार थांबत नाही. कायद्याने ‘उद्यम’ (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. ही नोंदणी फुकट आहे. ती आहे का, आणि किती दिवसांची उधारी सोसता, हे दोन्ही विचारा.

सीमाभागाची आणखी एक अडचण. मालाला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीची आहे, पण ती राज्यातल्या विक्रीपुरती. करपात्र माल चंदगडला, कोल्हापूरला किंवा गोव्याला विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, आणि कंपोझिशनही (लहान धंद्यांसाठीची सोपी करयोजना) मिळत नाही. सेवेचं तसं नाही, 20 लाखांपर्यंत राज्याबाहेरही सूट आहे. डिझाइन, हिशेब अशा कामांकडे मुलं का वळतात, याचं हे एक कारण असू शकतं. ते तपासून बघा.

खानापूरकर:
मग प्रश्न 40 होतील. चालेल?

शहापूर पेठ:
नको, विसाच्या पुढे मुलं डोळे मिटून ‘सहमत’वर खुणा करतात. सारख्या अर्थाचे गाळा, 20 वर आणा. आधी दहा जणांकडून भरून घ्या. ज्या प्रश्नाला दहाही जण एकच उत्तर देतात, तो काढा. मराठीसोबत कन्नड प्रतही ठेवा. एकाने कन्नड करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणावं, मग दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून वाचा. ‘जोखीम’ आणि ‘स्वयंरोजगार’ हे शब्द तिथे हमखास घसरतात.