काडी लावली, फुटली का? (अनुभव लिहा)

खिडकीतली बाग, ठाणे

मृग लागला की आमच्या सोसायटीत काड्यांची देवघेव सुरू होते, आणि तिच्यासोबत सल्ल्यांचीही. "काही नाही हो, नुसती खोचायची, लागते." ही नुसती खोचलेली काडी ठाण्यात लागते म्हणून लातूरला लागेलच असं नाही, आणि जूनमध्ये लागते तीच मार्चमध्ये वाळून जाते. म्हणून हा धागा. विकत आणलेल्या रोपांचं कौतुक इथे नको. कुणाच्या दारातून आणलेली काडी, पान, वेलीचा तुकडा यांपासून घरी रोप केलं असेल तर लिहा: झाड कोणतं, महिना कोणता, पाण्यात की मातीत, आणि घोडं कुठे अडलं.

सुरुवात माझ्या मनीप्लांटपासून. वेल फार लांबली, खालची पानं गळून नुसती दोरी उरली की मी तिचे तुकडे करते. प्रत्येक तुकड्याला एक पान आणि एक पेर. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे बहुतेक वेळा एक तपकिरी टोक दिसतं, तेच पुढे मूळ होतं. त्याच्या बोटभर खाली कापायचं. शेजारच्या काकू नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवायच्या. अशा पानालाही कधी कधी मुळं येतात, पान महिनोन्‌महिने हिरवंगार राहतं, पण वेल काही निघत नाही. नवा फुटवा यायला लागणारा डोळा पेरापाशीच असतो. काकूंना हे पटायला एक पावसाळा जावा लागला.

बाटली रंगीत काचेची घेतली तर शेवाळ कमी धरतं. मुळं दोन-तीन इंच झाली की मातीत लावते. त्याहून लांब होऊ दिली तर मातीत गेल्यावर वेल रुसते, कारण पाण्यातल्या मुळांना मातीची सवय नसते. लावल्यावर आठवडाभर माती ओलसर ठेवायची, मग नेहमीसारखं पाणी.

आणि हो, मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो असं मानणाऱ्यांनी आमच्या जिन्यातली कुंडी सोडून कुठूनही चोरावा. मागितलात तर दोन पेरं जास्त देईन.

दुसरा मजला, दादर

बाटलीत वेल ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला घरोघर येतात. आमच्याकडे आली ती ना बादल्यांकडे गेली ना गॅलरीत, सरळ टीव्हीवरच्या मनीप्लांटकडे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास गटाराच्या पाण्यापेक्षा घरातल्या अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आपल्या हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाणी बदला. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. बाटली आतून ब्रशने घासायची. मी शिवाय तोंडाशी वेलीभोवती कापूस लावते.

पागोळी, रत्नागिरी

आमच्या गडग्याला लागून सगळी जास्वंदच आहे, आणि ती सगळी काडीवर वाढलेली. लाल, एकेरी पाकळीची गावठी जास्वंद. फांदी पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब घ्या. शेंड्याची कोवळी हिरवी कुजते, बुंध्याकडची जून फांदी मुळं धरायला आळस करते, मधली चांगली. खालचा काप तिरका, वरचा आडवा ठेवला की कुठलं टोक मातीत जायचं हे विसरायला होत नाही. उलटी लावलेली काडी लागत नाही. पानं दोनच ठेवा आणि तीही अर्धी कापा. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं, ते भरून काढायला काडीकडे काहीच नसतं.

सगळे म्हणतात पावसात लावा. कोकणात मात्र अतिपावसाचीच भीती. पागोळ्यांखाली ठेवलेल्या कुंडीतली काडी महिन्याभरात बुंध्याशी काळी पडते. पडवीत ठेवावी. माती निम्मी आणि जाड वाळू निम्मी, तळाच्या भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा.

अजून एक. काडीला पानं फुटली म्हणून लगेच हरखून जाऊ नका. ती पानं काडीत साठलेल्या अन्नावर फुटतात, खाली मूळ असेलच असं नाही. आमचा नातू "लागली का बघू" म्हणून रोज काडी उपटून बघायचा. लागणार कशी?

खिडकीतली बाग, ठाणे

पागोळी काका, ती ताटलीएवढ्या फुलाची पिवळी-केशरी जास्वंद असते, तिची काडी मला कधीच साधलेली नाही.

पागोळी, रत्नागिरी

ती संकरित. त्यातल्या बऱ्याच जातींची स्वतःची मुळं अशक्त असतात, म्हणून त्या दणकट जास्वंदीच्या खुंटावर (मुळासकटच्या बुंध्यावर) कलम करतात. घरी करायची तर गुटी बांधा. फांदीवरची इंचभर साल गोल सोलायची, त्या जागी ओलं मॉस (नर्सरीतलं शेवाळ) लावून प्लास्टिकने घट्ट गुंडाळायचं, दोन्हीकडे सुतळी. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापून कुंडीत. तोवर फांदी आईच्या झाडावरच जगत असते, त्यामुळे वाळायचा प्रश्न नाही.

कूलरवाली, नागपूर

तुमचं सगळं ओल्या हवेचं चाललं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाते, आणि नेमकं तेव्हाच बहीण पुण्याहून कोलियस नि पानओव्याच्या फांद्या घेऊन येते. त्या फेकायच्या का? मी त्या खिडकीच्या कूलरजवळ ठेवते. समोर नाही, वाऱ्याच्या झोतात पानं मान टाकतात. बाजूला, जिथे वाळ्याच्या ताट्यांची गार ओल येते पण झोत लागत नाही. पानओवा तिथे हमखास लागते. कोलियसही लागते, पण रंग फिके येतात, पुरेसा उजेड नसते ना.

व्हिडिओत दाखवतात तशी कापलेली प्लास्टिकची बाटली काडीवर पालथी घालायची आयडिया आमच्या उन्हाळ्यात चालत नाही. थोडं ऊन पडलं की आत काडी शिजते. दिवाळीनंतर करा, तेव्हा उत्तम.

रंकाळ्याजवळ, कोल्हापूर

पावसात लावा, पावसात लावा म्हणणाऱ्यांनी देवचाफ्याला तेवढं वगळा. चाफा आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चात लावतात, झाड उघडंबोडकं असतंय तेव्हा. हातभर फांदी तोडायची, पांढरा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, आणि सावलीत भिंतीला टेकवून ठेवायची. आठ-पंधरा दिवस तशीच. काप सुकून कडक झाला की मगच मातीत. लोक काय करतात, ओली फांदी ओल्या मातीत लावतात आणि वर रोज तांब्याभर पाणी. आतनं पार मऊ पडते. लावल्यावर एकदा पाणी, मग माती कोरडी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. जेड, निवडुंग, सगळ्या गराच्या झाडांना हाच नियम.

रोज एक गुलाब, नाशिक

गुलाबाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

गावठी गुलाबी, वासाचा गुलाब काडीवर येतो, थंडीत छाटणी केल्यावर निघालेल्या काड्या लावा. नर्सरीतल्या मोठ्या फुलांच्या गुलाबाची गोष्ट वेगळी. तो बहुधा रानटी खुंटावर डोळा भरून, म्हणजे खुंटाच्या सालीत त्या गुलाबाचा डोळा बसवून, केलेला असतो. त्या जोडाच्या खालून जोमदार, सरळसोट फांदी फुटते. ती बघून लोक खूश होतात आणि तिचीच काडी मैत्रिणीला देतात. मैत्रिणीकडे मग उगवतो तो खुंटाचा रानगुलाब. काडी नेहमी जोडाच्या वरची घ्यायची. ती लागली तरी आईच्या झाडाइतकी दणकट होईलच असं नाही, कारण खुंटाची मुळं तिला मिळालेली नसतात.

बटाट्यात खोचलेल्या गुलाबाच्या काडीचे व्हिडिओ पाहून मला हसू येतं. बटाटा सडतो, सोबत काडीही सडते. कोरफडीचा गर, मध, दालचिनीची पूड यांपैकी दालचिनी बुरशी थोडी लांब ठेवते, इतकंच. मुळं फुटायला खरोखर मदत करतं ते खतांच्या दुकानात मिळणारं रूटिंग पावडर. त्यात आयबीए नावाचं संप्रेरक असतं. काडीचं टोक ओलं करून पावडरीत टेकवायचं आणि झटकायचं, लिंपायचं नाही. मनीप्लांट, पुदिना, कोलियस यांना त्याची गरजच नाही, उगाच पैसे घालवू नका.

कुंडी नंबर तेरा, पुणे

स्नेक प्लांटचं कोडं. पिवळ्या काठाचं पान आडवं कापून, बोटभर तुकडे करून लावलं. सगळे लागले, पण खालून आलेली पिल्लं सगळी हिरवी! एकालाही पिवळा काठ नाही. नर्सरीवाल्याने फसवलं असं आधी वाटलं. मग कळलं की या झाडात दोन तऱ्हांच्या पेशी थराथराने शेजारी राहतात आणि काठ पिवळा दिसतो तो त्यामुळे. पानाच्या तुकड्यातून नवं पिल्लू फुटताना ते थर तसेच उतरत नाहीत. पिवळा काठ हवा असेल तर कुंडी उपटून गड्डा वाटायचा, पान नाही.

झेडझेड प्लांटच्या बाबतीत धीर हवा. एकेक पान मातीत खोचलं तरी लागतं, पण महिनोन्‌महिने वर काहीच दिसत नाही. त्या काळात पान खाली बारीक बटाट्यासारखा कंद करत असतं. पान पिवळं पडून वाळलं तरी कुंडी फेकू नका, कंदातून कोंब येतो. माझ्या सासूबाईंनी "मेलं ते" म्हणून कुंडी रिकामी करायला घेतली होती, तेव्हा हे कंद हाताला लागले.

काकडआरती, बेळगाव

ब्रह्मकमळ आमच्या गल्लीत एका घरातून सगळ्या घरांत गेलेलं आहे. पान म्हणून जे देतो ते खरं म्हणजे चपटं झालेलं खोड, म्हणूनच त्याच्या काठावरच्या खाचांतून कळ्या येतात आणि म्हणूनच ते लागतं. सावलीत दोन-चार दिवस सुकवून उभं खोचायचं. फूल यायला दोन-तीन वर्षं धरा, त्याआधी आलं तर भाग्य. रात्री उमलायला लागलं की शेजारी बोलावून कॉफी करायची, सकाळी ते मान टाकतं. उत्तराखंडातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, त्याचा या झाडाशी संबंध नाही. हे मूळचं अमेरिका खंडातलं, निवडुंगाच्या जातीतलं. तरी पूजा थांबवा असं मी कुणाला सांगणार नाही.

फातीवाली, फोंडा

आबोलीची साधी गोष्ट. सुकलेल्या कणसावर पाणी पडलं की बोंडं टपटप फुटतात आणि बी लांब उडतं, त्यामुळे आमच्या आंगणात ती आपोआप येते. पण "दिल्ली" म्हणून जी गडद केशरी आबोली मिळते तिला बी धरत नाही. ती काडीनेच वाढवायची. शेंड्याकडची, फूल नसलेली फांदी घ्या. कणीस असेल तर खुडून टाका.

बर्फातली तुळस, न्यू जर्सी

इथे पहिलं हिमतुषार पडलं की अंगणातली तुळस एका रात्रीत काळी होते. म्हणून सप्टेंबरमध्येच शेंडे काढून पाण्यात ठेवते. मंजिऱ्या खुडायच्या, पाण्यात बुडणारी पानं काढायची, दक्षिणेची खिडकी. खिडकी थंड असते, तर पेल्याखाली रोपांसाठी मिळणारी गरम चटई. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं ते याच काडीतून झालेल्या रोपाचं, शेजारी उसाऐवजी मक्याचं ताट असतं आणि भटजी फोनवर.

कढीपत्त्याबद्दल मात्र सांभाळून. त्याची काडी जवळजवळ लागतच नाही, मुळातून आलेलं पिल्लू वेगळं करावं लागतं. शिवाय लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी एक कीड कढीपत्त्यावर जगते. म्हणून फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या क्वारंटाइन असलेल्या भागांतून हे रोप बाहेर न्यायला बंदी आहे. भावाच्या गाडीतून आणू म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आधीच नाही सांगते.

आजीचा नातू, लातूर

मंडईतल्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या ग्लासात ठेवल्या, लागल्या. एवढाच माझा अनुभव, हसू नका.

प्रश्न मोगऱ्याचा आहे. आजीला तिच्या माहेरचाच मोगरा हवा आहे. झाड जुनं आहे, काड्या आणल्या की इथे पोचेपर्यंत सुकतात.

पागोळी, रत्नागिरी

अरे, हसतो कशाला, पुदिन्यापासूनच सगळे शिकतात.

काडी आणूच नकोस. आजीच्या माहेरी जाऊन दाब कलम कर. जमिनीलगतची लवचीक फांदी निवड, मातीत जाईल त्या पेराखाली साल जराशी तास, तेवढा भाग चार बोटं मातीत दाब आणि वर वीट ठेव. शेंडा बाहेर राहू दे. पावसाळ्याच्या सुरुवातीला केलंस तर दसरा-दिवाळीपर्यंत मुळं धरतात. मग आईच्या बाजूने कापायचं, पण लगेच उचलायचं नाही, दोन आठवडे तिथेच राहू दे. नेताना मातीच्या गोळ्यासकट ओल्या गोणपाटात बांध. आणि तिथल्या मंडळींना बजावून ठेव, तोवर वीट हलवायची नाही.