टाळेबंदीत किशोरवयीन मुलांचं खाणं नेमकं कशामुळे बिघडतं?

गृहविज्ञान_रामबाग
नववी ते बारावीच्या पालकांसाठी एका पानाचं टिपण करायचं आहे. कोविडच्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या, वर्ग मोबाईलवर, इंदूरचे सराफा आणि छप्पन दुकान हे खाऊबाजार दोन्ही बंद. बाहेरचं चटकमटक आपोआप सुटलं, तरी कित्येकांची वजनं वाढली आणि काहींची उतरली. 'जंक खाऊ नका' मुलांना पाठ आहे, ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. या वयातलं खाणं अशा काळात ठरतं कशावर, आणि पालकांनी आधी हात कशाला घालावा?

आहार_पलासिया
ताई, सुरुवात झोपेपासून करा. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळ तसंही उशिराकडे सरकतं. सकाळी व्हॅन येत नाही म्हटल्यावर त्याला धरबंदच राहत नाही. रात्री २ ला झोप, ९ ला अंथरुणातूनच हजेरी, न्याहारी बाद, पहिलं जेवण दुपारी दीडला. मग सपाटून भूक लागते ती संध्याकाळी ५ ला आणि रात्री ११ नंतर. तेव्हा ओटा आवरलेला असतो आणि हाताशी सापडतो नमकीनचा डबा. (इंदूरात कर्फ्यूची कुणकुण लागली की पिठाआधी शेव भरून ठेवतात, हेही टिपणात येऊ द्या.) १०० ग्रॅम शेवेत साधारण ५५० कॅलरी. डोळे पडद्यावर असले की पोटात किती गेलं याचं भान राहत नाही, म्हणून डबा घेऊन बसणंच वाईट.

झोपण्याची वेळ बळजबरीने पाळता येत नाही, उठण्याची येते. पहिल्या तासाआधी ४५ मिनिटं उठवा आणि न्याहारी टेबलावर, मोबाईलशिवाय. रात्रीची भूक लागणारच असं धरून चाला: मूठभर फुटाणे आणि गूळ, किंवा कपभर दूध समोर दिसेल असं ठेवा. शेव किलोने न आणता पाव किलो आणा, वाटीत काढून द्या. कुलूपबंद मात्र करू नका. बंदी घातलेला पदार्थ मुलं संधी मिळताच जास्त खातात.

पोषण_मालवा
झोपेचं पटलं, पण घरात काय येतं हे त्याच्याही आधी. २०२० च्या मार्चअखेरीस इंदूरात किराण्यासकट सगळं बंद झालं होतं. अशा वेळी आणि कमाई थांबलेल्या घरात ताटातून आधी जातात डाळ, दूध, फळं; पोळी-बटाटा तेवढा राहतो. पोट भरतं, प्रथिनं कमी पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलाला रोज सुमारे ५५ ग्रॅम, मुलीला ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. त्यातली १३ ग्रॅमच्या आसपास २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून येतात, आणि त्या महिनोन्‌महिने टिकतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, तर ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम.

मुलींचं लोह वेगळं बघा. सरकारी शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक आम्ल) शाळा बंद झाली की सुटते. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत चौकशी करायला सांगा. गोळी जेवणानंतर घ्यायची, रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून मुली ती फेकून देतात. चहा आगेमागे तासभर नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं.

बालरोग_ओपीडी
वजन उतरणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी. कोविड होऊन गेलेल्यांना कधी कधी वास उलटे येतात, फोडणीचा कांदा-लसूण सडका वाटतो. त्यांना गरम भाजीचा आग्रह नको. दहीभात, ताक, गार खिचडी चालते, कारण गार पदार्थाला वास कमी. दुसरं, 'किती सुटलीस गं!' हे वाक्य घरात बंद. दिवसभर सगळे एकत्र असल्यामुळे ते दहा वेळा ऐकू येतं आणि मुली खाणं सोडू लागतात. जेवण टाळणं, जेवून लगेच बाथरूम गाठणं, पाळी थांबणं यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर. तिथे आहाराचा तक्ता कामाचा नाही.

गृहविज्ञान_रामबाग
झोपेचं आणि गोळीचं तर घेतेच. पण न्याहारीला बहुतेक घरी पोहेच असतात. तेवढ्यानं भागेल?

आहार_पलासिया
नुसत्या पोह्यांनी नाही, त्यात प्रथिनं अगदी थोडी. ५० ग्रॅम पोह्यांना ३० ग्रॅम शेंगदाणे आणि अर्धी वाटी वाफवलेली मोडाची मटकी घाला. मे महिन्यात मटकी ८ तास भिजवून पाणी पूर्ण निथळा, फडक्यात सैल बांधा आणि दिवसातून दोनदा धुवा. पाणी साचलं की बुळबुळीत होऊन आंबते. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उष्णतेने क जीवनसत्त्व जातं आणि लोह शोषायला तेच मदत करतं. वर जिरावन (इंदुरी पोह्यांवरचा खारट मसाला) आणि शेव येणारच, तेव्हा पोह्यांत मीठ निम्मं.