सकाळी वाचलेले वचन आणि दिवसभराचे काम : अनुभव धागा

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची जुनी चाल आहे. आजार बरा झाला, अडलेली नोकरी लागली, बऱ्याच वर्षांनी घरात मूल आले, की माणूस रविवारच्या उपासनेत उभा राहतो आणि देवाचे उपकार सांगतो. अशा साक्षी मला मोलाच्या वाटतात. मात्र ज्यांच्या आयुष्यात असे ठळक काही घडलेले नाही, आणि तरीही जे रोज पहाटे पवित्र शास्त्र उघडून बसतात, त्यांना उभे राहायला जागा मिळत नाही, ही खंत माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. देवावर भाव ठेवण्याची खरी कसोटी सोमवार ते शनिवार लागते, आणि नेमके त्याच दिवसांविषयी आपण एकमेकांशी फार कमी बोलतो.

म्हणून विनंती अशी की, सकाळी वाचलेले एखादे वचन त्या दिवशी तुमच्या कामात, पैशांच्या व्यवहारात किंवा नात्यांत कुठे आडवे आले, अथवा कुठे आधाराला आले, ते लिहावे. कोणी मननाच्या पुस्तिकेतून वाचत असेल, कोणी मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, रोजच्या वाचनांतून. त्याने फरक पडत नाही. संदर्भ अवश्य द्यावा, म्हणजे इतरांना तो उतारा उघडून पाहता येईल. स्वतःचे किंवा दुसऱ्याचे नाव नको. गाव आणि काम एवढे पुरे.

मापाडी, नाशिक जिल्हा

नीतिसूत्रे वाचण्याची आमच्या घरातली पद्धत साधी आहे. या पुस्तकाचे अध्याय ३१ आहेत, त्यामुळे ज्या दिवशी जी तारीख असेल, तो अध्याय वाचायचा. वडील असेच वाचत आणि मीही तसेच वाचतो. माझे काम धान्यबाजारात मालाचे वजन करण्याचे असल्यामुळे या पद्धतीतून मला सुटका नाही, कारण खऱ्या-खोट्या वजनाचा विषय अकराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात येतो, सोळाव्यात पुन्हा येतो आणि विसाव्यात तर दोनदा येतो.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. शेतकऱ्याचा माल पोत्यासकट काट्यावर चढतो आणि आलेल्या वजनातून बारदानाचे वजन वजा होते. तागाचे पोते जड असते आणि प्लास्टिकची गोणी अगदी हलकी असते. परंतु गोणीलाही तागाच्या पोत्याएवढीच वजावट धरायची, असा प्रकार काही ठिकाणी चालतो. एका गोणीमागे अर्धा किलो जास्त कापला, तर शेतकऱ्याच्या लक्षातही येत नाही. शंभर गोण्यांमागे मात्र तेच पन्नास किलो होतात, आणि ते त्याच्या घामाचे असतात.

सोयाबीनच्या हंगामात एका व्यापाऱ्याने मला तशी वजावट धरायला सांगितले. त्या दिवशी तारीख वीस होती. सकाळी वाचलेला अध्याय डोक्यातून गेलेला नव्हता. मी रिकामी गोणी काट्यावर ठेवली, तिचे जे वजन आले ते शेतकऱ्याला दाखवले आणि तेवढेच वजा केले. व्यापारी बोलला काहीच नाही, परंतु त्यानंतर त्याच्या मालावर मला बोलावणे येईनासे झाले.

देवाने ते नुकसान दुपटीने भरून दिले, असे मला लिहिता येणार नाही, कारण तसे झाले नाही. त्या हंगामात घरात ओढाताण झाली, पत्नीने रात्री जागून शिलाईचे काम वाढवले, आणि मुलीची शिकवणी काही महिने बंद ठेवावी लागली. आम्ही उपाशी मात्र राहिलो नाही. आता अकरा तारखेला संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तो अध्याय मुलांसमोर मोठ्याने वाचताना माझा आवाज खाली जात नाही, आणि एवढ्यासाठीही मी परमेश्वराचे उपकार मानतो.

बागायतदार, वसई

आमच्या भागात घरामागच्या वाड्यांना बावखलांचे पाणी असते. बावखल म्हणजे पूर्वजांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. त्याचा गाळ वेळच्या वेळी काढला नाही तर झरे बुजतात. आमचे बावखल आम्ही आणि चुलतभावाचे घर यांच्या सामाईक मालकीचे आहे. पंप कोणी कुठे बसवायचा आणि गाळाचा खर्च कोणी किती द्यायचा, यावरून दोन्ही घरांचे बोलणे वडिलांच्या काळापासून बंद होते. कागद आमच्या बाजूने होते आणि अजूनही आहेत.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी मिस्साला मत्तयलिखित शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचा २० ते २६ हा भाग वाचला जातो. वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे त्यात येशू सांगतो. हा भाग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, परंतु त्या सकाळी त्यातील एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. चूक कोणाची, हे येशू इथे विचारतच नाही. कागद कोणाच्या बाजूने आहेत, हेही विचारत नाही. भावाचे मन दुखावलेले आहे एवढे कळले की उठून जायचे, आणि जायचे ते वेदीजवळ असलेल्याने.

बोलायला जाण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी फावडे आणि घमेली घेऊन मी बावखलात उतरलो आणि त्यांच्या काठाकडचा गाळ काढायला लागलो. तिकडे केळीची पाने कुजून काळा, चिकट थर साचला होता. फावडे आत गेले की बाहेर निघत नसे. भाऊ ओट्यावर उभा राहून पाहत होता आणि मग आत निघून गेला. मी रोज सोनचाफ्याची तोड झाली आणि फुले दादरच्या बाजाराकडे रवाना झाली की उतरत असे. काही दिवसांनी त्याचा मुलगा काही न बोलता दुसरे घमेले घेऊन खाली आला आणि काम करू लागला.

भाऊ अजून आमच्या घराची पायरी चढलेला नाही. पंपाची पाळी मात्र ठरली आहे: सकाळी आम्ही, दुपारनंतर ते. ईस्टरला त्याच्या बायकोने आमच्याकडे चहाचे बोलावणे पाठवले. ज्यांच्या घरांत असेच वैर चालू आहे, त्यांनी समेट एका भेटीत होईल अशी अपेक्षा धरू नये. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात प्रार्थना सोडून चालत नाही.

परिचारिका, सांगली जिल्हा

माझा अनुभव छोटा आहे. मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमा धुण्याचे आणि पट्टी बदलण्याचे काम माझ्याकडे असते. वास असह्य असतो आणि वेदनेमुळे रुग्ण कधी कधी शिव्याही देतात. योहानलिखित शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग, मी कामावर येण्याआधी वाचते. त्या शिष्यांमध्ये त्याला धरून देणारा यहूदाही बसलेला होता आणि येशूने त्याला वगळून इतरांचे पाय धुतले, असे तिथे लिहिलेले नाही. शिव्या देणाऱ्या रुग्णाची पट्टी सोडवताना मला हे आठवते, आणि चिकटलेले कापसाचे बोळे ओढून न काढता सलाइनने भिजवून सावकाश सोडवण्याइतका धीर येतो.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

१९७२ च्या दुष्काळात मी प्राथमिक शाळेत होते. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि घरात मिलो, म्हणजे लाल ज्वारी, येत असे. ज्यांनी तो खाल्ला आहे त्यांना सांगायला नको: लालसर पीठ, थापताना भाकरीच्या कडा चिरत आणि तव्यावर उलटताना ती मधोमध तुटत असे. आजी ते तुकडे परातीत जुळवून ठेवी, मग कंदिलाभोवती आम्ही सगळे हात जोडून प्रभूची प्रार्थना म्हणत असू, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीपाशी आजी नेहमी थोडी थांबत असे.

एकदा मी तिला विचारले की, मागायचेच आहे तर कणगीभर धान्य का मागत नाही. ती म्हणाली, "आगं, उद्या बी त्योच देव हाय. उद्याचं उद्या मागू."

या बोलण्याचा मला खरा उपयोग झाला तो फार उशिरा, माझ्या पतींना कर्करोग झाला तेव्हा. संपूर्ण मंडळीने त्यांच्यासाठी उपवास-प्रार्थना केली. पाळकसाहेब आठवड्याला घरी येत. तरीही ते वाचले नाहीत. त्या दिवसांत मला पुढचे दिसेनासे झाले होते. उपचारांचा खर्च, मुलाचे शिक्षण, आणि ते गेले तर काय, हे सगळे एकाच वेळी अंगावर येई. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" असे वचन आहे. मी त्याप्रमाणे मागायला शिकले. आज त्यांच्या पोटात पेज राहू दे. आज त्यांना दोन तास झोप लागू दे. कित्येकदा तेवढे मिळाले, काही वेळा तेही मिळाले नाही, आणि दुसऱ्या सकाळी मी पुन्हा मागितले. बरे होण्याची प्रार्थना देवाने का मान्य केली नाही, हे मला आजही कळलेले नाही, आणि कोणी कारण सांगू लागले की मला ते ऐकवत नाही. पण त्या सगळ्या दिवसांत मी एकटी नव्हते. हे मी विचार करून, जबाबदारीने लिहिते आहे.

संगणक अभियंता, पुणे

वरचा अनुभव वाचून लिहिण्याचा धीर झाला. माझी नोकरी गेली आणि दुसरी अजून लागलेली नाही. घरगुती प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमोर सांगितले की माझा विश्वास कमी पडतो आहे, म्हणून दार उघडत नाही. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु त्या दिवसापासून शास्त्र उघडले की मला आधी तो आवाज ऐकू येतो. मला देवाचा रागही येतो. असा राग येणे म्हणजे विश्वास गमावणे आहे का, हे मला येथील अनुभवी मंडळींना विचारायचे आहे.

धागाकर्ती

भाऊ, तुम्ही विचारलेत हे फार बरे केले. स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र उघडा, ते "कुठवर?" या प्रश्नानेच सुरू होते आणि तो प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ते आपल्या शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, ती देवाने मला का सोडले अशी आहे. आणि ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय अवश्य वाचा: ज्या मित्रांनी ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण समजावून सांगितले, त्यांच्यावर देव संतापतो, आणि ज्याने देवाशी वाद घातला, तो ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, असे देव म्हणतो. राग देवाजवळच बोलून दाखवणारा माणूस त्याला सोडून गेलेला नसतो. सभेला जाणे जड वाटत असेल तर काही दिवस घरीच घरच्या कोणाबरोबर एक स्तोत्र वाचा. त्यांनी वाचावे आणि तुम्ही ऐकावे, एवढेही चालेल.

ग्रंथपाल, दौंड तालुका

केडगाव आमच्याजवळ असल्यामुळे पंडिता रमाबाईंची आठवण इथे सांगावीशी वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा यांना केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या आश्रमात आणले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून कित्येक वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या, आणि त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात होत असे, जिथे अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम आश्रमातल्या स्त्रिया करीत. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते १९२४ साली.

मी निराश होते तेव्हा मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांचा विचार करते. हाती घेतलेले काम पूर्ण झालेले आपल्याला पाहायला मिळेल, याची हमी देवाने त्यांना दिलेली नव्हती. त्या आपला दिवसाचा वाटा करीत राहिल्या.

सुतारकाम, कुवेत, मूळ जालना जिल्हा

इथे सुटी शुक्रवारी असते, त्यामुळे आमची उपासनाही शुक्रवारीच होते. इतर दिवशी पहाटे साइटच्या बसमध्ये बसल्यावर मी फोनवर एक अध्याय वाचतो आणि तो आवाजात भरून गावी आईला पाठवतो, कारण तिला वाचता येत नाही. ती दुपारी शेतातून आली की ऐकते आणि तिला काय समजले ते मला परत आवाजात सांगते. रूथच्या गोष्टीत तिची सासू नामी म्हणते की, मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले. ते ऐकून आईने मला सांगितले की नामीच्या शेजारी रूथ उभी होती, पण दुःखामुळे तिला ती दिसली नाही. अनेक प्रवचने ऐकूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मार्क आणि रूथ ही दोन पुस्तके आमची संपली आहेत. पुढे कोणते घ्यावे?

धागाकर्ती

आपल्या मातोश्रींना आमचा सलाम सांगा. फिलिप्पैकरांस पत्र घ्यावे. त्याचे अध्याय चारच आहेत, आणि पौलाने ते आपल्या माणसांपासून दूर, कैदेत असताना लिहिले आहे, त्यामुळे तुम्हा दोघांनाही ते जवळचे वाटेल. चौथ्या अध्यायात चिंतेविषयी जे लिहिले आहे, त्यावर मातोश्री काय म्हणतात, ते येथे अवश्य कळवावे.